गेम बाजारात आणताना समीक्षक आणि चाहत्यांना कसं सांभाळायचं: तयारीपासून पॅचपर्यंतचा (प्रकाशनानंतरच्या दुरुस्तीपर्यंतचा) क्रम

सांगली-साताऱ्यात दोघा-तिघांनी मिळून गेम करायचा म्हटलं तर कोडिंग, चित्रं, आवाज हे सगळं घरच्या घरी उभं राहतं. अडतं ते पुढे. मोठ्या प्रकाशक कंपन्यांत समीक्षकांना प्रती पाठवायला, चाहत्यांशी बोलायला आणि तक्रारी निस्तरायला वेगवेगळी माणसं असतात. छोट्या टीममध्ये ही सगळी कामं शेवटच्या आठवड्यावर ढकलली जातात. मग चांगला गेमही कुणाच्या नजरेस पडत नाही, किंवा नको त्या कारणाने पडतो.

चुका बहुतेक क्रमाच्या असतात. आधी गेम बाहेर, मग समीक्षकांना मेल, मग घाईघाईने ग्रुप, आणि भांडण झाल्यावर ग्रुपचे नियम. हा क्रम उलटा आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. उदाहरणासाठी धरून चालू, की सांगलीच्या विश्रामबागेत तिघांनी लाल मातीतल्या कुस्तीवर पीसी गेम बनवला आहे आणि तो स्टीमवर, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, विकायचा आहे.

## टप्पा १: तारीख जाहीर करण्याआधी उलटं मोजा

स्टीमवर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात. पैसे भरल्यापासून किमान ३० दिवस गेम प्रकाशित करता येत नाही. ‘लवकरच येत आहे’ असं पान किमान २ आठवडे लोकांना दिसत राहावं लागतं. पान आणि गेम दोन्हींची तपासणी होते. तिला साधारण ३ ते ५ कामाचे दिवस लागतात, आणि दुरुस्त्या सांगून परतही पाठवलं जातं. ही सगळी किमान मुदत आहे. तेवढ्यावरच तारीख बेतली तर समीक्षकाच्या वाट्याला काहीच उरत नाही.

समीक्षकाला गेम खेळायला, लिहायला किंवा व्हिडिओ संपादित करायला ३ आठवडे मिळालेच पाहिजेत. म्हणजे पूर्ण चालणारी प्रत प्रकाशनाच्या ३-४ आठवडे आधी हातात हवी. ती तयार नसेल तर तारीख जाहीरच करू नका. जाहीर केलेली तारीख पुढे ढकलणं हे उशिरा जाहीर करण्यापेक्षा जास्त महागात पडतं.

याच काळात प्रेस किट तयार करा. एकच ऑनलाइन फोल्डर करा आणि त्यात हे ठेवा: मोठ्या आकाराचे ८-१० स्क्रीनशॉट, ट्रेलर, गेमचं बोधचिन्ह, मराठीत आणि इंग्रजीत पाच-सहा ओळींची माहिती, किंमत, तारीख, कुठल्या यंत्रावर चालतो, खेळायला साधारण किती तास लागतात, कोणी बनवला आणि संपर्काचा मेल. ‘आमच्या गेमचे व्हिडिओ बनवायला आणि त्यातून पैसे मिळवायला सर्वांना परवानगी आहे’ हे वाक्य त्यात स्पष्ट लिहा. ते नसेल तर सावध यूट्यूबर हात लावत नाही.

इशारा: व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले स्क्रीनशॉट फोल्डरमध्ये टाकू नका. ते दाबले जाऊन धुरकट होतात, आणि तेच चित्र पुढे सगळीकडे छापलं जातं.

तपासा: फोल्डरची लिंक टीमबाहेरच्या एखाद्याच्या फोनवर, लॉगिन न करता उघडते का? ‘परवानगी मागा’ असा पडदा आला तर समीक्षक परवानगी मागत बसत नाही. तो पुढच्या मेलकडे वळतो.

## टप्पा २: चाहत्यांची जागा आधी उभी करा

आपल्याकडे पहिला विचार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा येतो, कारण सगळे तिथेच असतात. पण ग्रुपमध्ये १०२४ पेक्षा जास्त माणसं मावत नाहीत, प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि सकाळी सांगितलेला बग (गेममधला दोष) संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडला जातो. नंबर उघडा पडतो ही बाब मी सगळ्यात गंभीर मानतो. अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये आल्यामुळे एखाद्या मुलीला रात्री-अपरात्री मेसेज येऊ लागले, तर ती जबाबदारी ग्रुप काढणाऱ्याची आहे.

म्हणून घोषणांसाठी व्हॉट्सअ‍ॅपचं चॅनल ठेवा, तिथे एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. बोलण्यासाठी डिस्कॉर्ड हे गप्पांचं अ‍ॅप वापरा. डिस्कॉर्डवर सुरुवातीला चार खोल्या पुरतात: नियम, घोषणा, गप्पा, बग. वीस खोल्या उघडल्या तर प्रत्येक खोली रिकामी दिसते, आणि रिकाम्या जागी कोणी बोलत नाही.

नियम थोडे आणि नेमके असू द्या. शिवीगाळ नाही. जात, धर्म, गाव यावरून बोलणं नाही. कुणाचाही नंबर, पत्ता, फोटो टाकायचा नाही. चोरीच्या प्रतीची लिंक नाही. कुस्तीचा गेम असेल तर सांगली विरुद्ध कोल्हापूर, या तालमीचा पैलवान विरुद्ध त्या तालमीचा, अशी चेष्टा होणारच आणि ती होऊ द्यावी. ती माणसाच्या जातीवर गेली की त्याच क्षणी थांबवा. उद्या बघू म्हणून सोडली तर परवा तोच तिथला रिवाज होतो.

दोन मॉडरेटर, म्हणजे गप्पांवर लक्ष ठेवणारी माणसं, नेमा. शक्यतो एक दिवसा जागेवर असणारा, एक रात्री. त्यांना काय करायचं ते लिहून द्या: पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा २४ तास बोलणं बंद, तिसऱ्यांदा बाहेर. केलेली प्रत्येक कारवाई एका वहीत किंवा शीटमध्ये नोंदवा.

इशारा: ‘गेम बकवास आहे’ म्हणणाऱ्याला त्या कारणासाठी कधीही बाहेर काढू नका. तो बाहेर जाऊन तेच म्हणेल, आणि सोबत तुम्ही तोंड दाबता असंही म्हणेल. दुसरं मत बोलायची मुभा नसलेल्या जागेत फक्त होयबा उरतात, आणि होयबा बग सांगत नाहीत.

बगच्या खोलीत वरच चार प्रश्न चिकटवून ठेवा: काय करत होता, काय झालं, संगणक कोणता, पुन्हा केल्यावर पुन्हा होतं का. निवडक लोकांना आधी खेळायला द्यायचं असेल तर स्टीमची ‘प्लेटेस्ट’ सोय वापरा. तिच्यासाठी ‘की’ (गेम खात्यात जमा करायचा कोड) वाटत बसावं लागत नाही, आणि हवी तेव्हा ती बंदही करता येते.

चाहत्यांना काय सांगायचं यावर टीमचं एकमत हवं. कुठल्याही मागणीला उत्तर तीनपैकी एकच: झालं, चालू आहे, ठरलेलं नाही. ‘नक्की करू’ हे चौथं उत्तर बंद करा. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा गेम आला तेव्हा लोकांचा राग मुख्यतः प्रकाशनाआधीच्या मुलाखतींतून उंचावलेल्या अपेक्षांवर होता. पुढे त्या स्टुडिओने कमी बोलून वर्षानुवर्षं मोफत अपडेट दिले आणि लोक परत आले. तेवढी वर्षं तग धरायला लागणारे पैसे तुमच्या-माझ्याकडे नसतात. म्हणून आधीच जपून बोला.

## टप्पा ३: समीक्षकांची यादी करा

इथे तीन वेगळी माणसं असतात, आणि त्यांना एकच मेल पाठवणं ही ठरलेली चूक आहे.

पहिला, वर्तमानपत्राच्या जिल्हा पानाचा वार्ताहर. त्याला ‘सांगलीच्या तरुणांनी गेम बनवला’ ही बातमी हवी असते. तो गेम खेळून मत देणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. त्याला फोटो, नावं, गाव आणि दोन सोपी वाक्यं द्या.

दुसरे, मराठी आणि हिंदीत गेम दाखवणारे यूट्यूबर आणि स्ट्रीमर. त्यांना पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी घडायला हवं असतं. तिसरे, इंग्रजीत लिहिणारे समीक्षक आणि स्टीमवरचे क्युरेटर, म्हणजे तिथे इतरांना गेम सुचवणारे. कुस्तीचा डाव म्हणजे काय, हे त्यांना एका ओळीत समजावून सांगावं लागतं.

शीटमध्ये एवढे रकाने करा: नाव, कुठे लिहितो, कोणत्या प्रकारचे गेम घेतो, मेल कुठून मिळाला, मेल कधी पाठवला, कोणती की दिली, उत्तर काय आलं. यादीत ५०० नावं कोंबण्यापेक्षा नीट पारखलेली ३०-४० नावं बरी. ज्याने कधीही मारामारीचा किंवा खेळाचा गेम हाती घेतलेला नाही, त्याला पाठवून दोघांचाही वेळ जातो.

तपासा: यादीतल्या प्रत्येक माणसाचे किमान दोन लेख किंवा व्हिडिओ टीममधल्या कुणीतरी पाहिले आहेत का? नसतील तर ते नाव तूर्त बाजूला ठेवा.

इशारा: गेमचं पान दिसू लागलं की ‘मी अमुक चॅनलचा, गिव्हअवेसाठी पाच की पाठवा’ असे मेल येऊ लागतात. त्यातले बरेच की विकणारे असतात. मेलचा पत्ता खऱ्या पत्त्यासारखाच दिसतो, एखादं अक्षर तेवढं वेगळं असतं. आलेल्या मेलला उत्तर देऊ नका. त्या चॅनलच्या माहितीच्या पानावरचा पत्ता शोधा आणि तिथे स्वतःहून विचारा, की हा मेल तुमचाच का. क्युरेटरना प्रत द्यायची असेल तर स्टीमच्या ‘क्युरेटर कनेक्ट’मधूनच द्या. तिथे हातात की जात नाही, त्यामुळे ती विकताही येत नाही.

## टप्पा ४: प्रत आणि मेल

सगळ्यात जास्त प्रकरणं इथे बिघडतात.

आधी की. स्टीमवर साधी की काढली तर ती खात्यात जमा होते, पण प्रकाशनाच्या दिवसापर्यंत गेम सुरू होत नाही. समीक्षकासाठी ‘रिलीज ओव्हरराइड’ प्रकारची की मागावी लागते. ती प्रकाशनाआधीही चालते. चुकीची की पाठवली तर समीक्षक एकदा प्रयत्न करतो, गेम उघडत नाही, आणि विषय संपतो. की पाठवण्याआधी टीमबाहेरच्या खात्यावर एक वापरून पाहा.

मग मेल. तो छोटा असावा. नमुना असा:

> विषय: लाल मातीतल्या कुस्तीचा पीसी गेम, रिव्ह्यूसाठी प्रत (प्रकाशन १४ नोव्हेंबर)
>
> नमस्कार,
> तुमचा कबड्डीच्या गेमवरचा व्हिडिओ पाहिला. चढाईच्या वेळी बटणं उशिरा लागतात, ही तुमची तक्रार आम्हाला पटली. त्यामुळेच हा गेम तुम्हाला दाखवावासा वाटला.
> आम्ही सांगलीचे तिघं. गेममध्ये गावच्या मैदानापासून सुरुवात करून मोठ्या जंगी कुस्तीपर्यंत पोहोचायचं आहे. पूर्ण व्हायला साधारण ६ तास लागतात. की खाली दिली आहे, ती आत्ताही चालते.
> माहीत असलेले दोष: जुन्या वायरलेस कंट्रोलरवर डाव उशिरा लागतो. दुरुस्ती चालू आहे.
> मत आणि व्हिडिओ १२ नोव्हेंबर संध्याकाळी ७:३० (भारतीय वेळ, यूटीसी १४:००) नंतर कधीही. त्यातही फक्त शेवटची कुस्ती उघड करू नये, एवढीच विनंती.
> प्रेस किट: लिंक. अडचण आली तर याच मेलवर लिहा, त्याच दिवशी उत्तर देऊ.

तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिलं वाक्य त्या माणसाच्या खऱ्या कामाबद्दल आहे, नुसतं ‘तुमचे व्हिडिओ फार आवडतात’ असं नाही. माहीत असलेला दोष आपणच आधी सांगितला आहे. आणि वेळ दोन घड्याळांत दिली आहे. ‘१२ तारखेला रात्री १२’ असं लिहिलं तर निम्मे लोक एक दिवस आधी टाकतील आणि निम्मे एक दिवस नंतर. संध्याकाळी साडेसात ही वेळ सोयीची पडते, कारण आपल्याकडे लोक घरी आलेले असतात आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ असते.

एम्बार्गो म्हणजे वेळेची मर्यादा. त्यात गोष्टीचा शेवट फोडू नये इतपत मागणं चालतं. ‘वाईट लिहायचं असेल तर प्रकाशनानंतर लिहा’ किंवा ‘आमचेच व्हिडिओ वापरा’ अशा अटी घालू नका. २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ या गेमच्या वेळी समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत मिळाली आणि सुरुवातीला स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायला मनाई होती. जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर) गेमची काय अवस्था आहे हे लोकांना पैसे मोजल्यावर कळलं. सोनीने तो गेम प्लेस्टेशनच्या दुकानातून काढला, आणि तो २०२१ च्या जूनमध्ये परत आला. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला घेणारा हळकुंड मोडून आतला रंग बघतो. मोडू नका म्हणणाऱ्याला भाव मिळत नाही.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करा. त्यानंतर थांबा. फोन, इन्स्टाग्रामवर मेसेज, ओळखीच्यांकडून सांगावा, हे काही नको.

## टप्पा ५: पैसे, भेटी आणि घरची माणसं

हा टप्पा लोक वगळतात, आणि कायद्याचं झंझट इथूनच सुरू होतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रभावकाने (इन्फ्लुएन्सरने) आर्थिक संबंध उघड करायचा असतो. त्यात मोफत मिळालेली वस्तूही येते, आणि हा उल्लेख ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत, सहज दिसेल असा हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून मेलमध्येच लिहा: ‘ही प्रत मोफत दिली आहे, कृपया तसं सांगावं.’

पैसे देऊन व्हिडिओ करून घ्यायचा असेल तर तो जाहिरात म्हणूनच करा आणि त्याला रिव्ह्यू म्हणू नका. ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’ या गेमच्या प्रचारात वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबरना पैसे दिले होते, चांगलंच बोला अशी अट होती आणि प्रायोजकत्वाचा उल्लेख व्हिडिओखालच्या माहितीत दडवला गेला होता. त्यावर २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी त्यांना तडजोड करावी लागली.

आता घरचं. चुलतभाऊ, कॉलेजचे मित्र, तालमीतले सगळे मिळून पहिल्या दिवशी चांगले रिव्ह्यू टाकतात. हेतू मायेचा असतो, पण स्टीमचे नियम याच्या विरोधात आहेत. २०१८ मध्ये इन्सेल गेम्स या प्रकाशकाने कर्मचाऱ्यांना स्वतःच्याच गेमचे रिव्ह्यू लिहायला सांगितल्याचं उघड झालं आणि स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यांचे सगळे गेम काढून टाकले. शिवाय मोफत की वापरून टाकलेला रिव्ह्यू स्टीमच्या एकूण गुणांत धरलाच जात नाही, २०१६ पासून तसा नियम आहे. घरच्यांना एवढंच सांगा: विकत घेतलात, खेळलात आणि मनापासून काही वाटलं तर लिहा, आणि टीममधल्या कुणाच्या घरचे असाल तर लिहूच नका.

## टप्पा ६: प्रकाशनाचा आठवडा

शुक्रवारी संध्याकाळी प्रकाशित करू नका, कारण बिघाड झाला तर शनिवार-रविवार एकट्याने झगडावं लागतं. गणपतीचे दिवस आणि स्टीमच्या मोठ्या सेलचे दिवस टाळा. तिघांच्या पाळ्या ठरवा: एक जण बग दुरुस्त करेल, एक डिस्कॉर्डवर बोलेल, एक समीक्षकांचे मेल बघेल. वीज गेली तर इंटरनेट चालू राहील याची सोय करा.

तपासा: पहिल्या दहा रिव्ह्यूंनंतर स्टीम गेमचा एकूण शेरा दाखवतं. तोपर्यंत दर तासाला पान उघडून पाहण्यापेक्षा बगची यादी तपासा, तिथेच खरं काम आहे.

## टप्पा ७: वाईट रिव्ह्यू आला तर

येणारच. पहिला नियम: दोन तास उत्तर देऊ नका. दुसरा: टीममधला ज्याने तो भाग बनवला त्याने उत्तर लिहू नये.

समजा, कुणीतरी लिहिलं: ‘धोबीपछाड मारायला गेलं की पैलवान नुसता उभा राहतो. पैसे पाण्यात.’

हातून सुटणारं उत्तर असं असतं: ‘आधी ट्यूटोरियल बघा. बाकी सगळ्यांना जमतंय.’ यानंतर तो माणूस गप्प बसत नाही, आणि वाचणारा प्रत्येक जण त्याच्या बाजूने जातो.

याऐवजी असं लिहा: ‘तक्रार बरोबर आहे. काही वायरलेस कंट्रोलरवर बटण उशिरा पोहोचतं आणि डाव सुटतो. दुरुस्ती चालू आहे, झाली की इथेच कळवू. तोवर कीबोर्डवर हा डाव नीट बसतो. पैसे परत हवे असतील तर खरेदीला १४ दिवस आणि खेळण्याला २ तास व्हायच्या आत स्टीमकडे मागता येतात.’

परताव्याचा मार्ग स्वतः सांगायला अनेकांचं मन धजत नाही. पण हे उत्तर त्या एका माणसापेक्षा विकत घ्यावं की नाही अशा विचारात असलेल्यांसाठी असतं. दुरुस्ती झाल्यावर त्याच उत्तरात भर घाला. ‘आता तरी मत बदला’ असं मात्र विचारू नका.

समीक्षकाच्या बाबतीत मर्यादा आणखी कडक आहे. किंमत, तारीख, गेम कुठे चालतो यात चूक असेल तर दोन ओळींचा मेल करा. ‘कंटाळवाणा’ हे मत आहे, त्याला उत्तर नाही. आणि कॉपीराइटचा दावा टाकून व्हिडिओ उडवणं हा मार्ग कायमचा बंद समजा. २०१३ मध्ये ‘डे वन: गॅरीज इन्सिडंट’ या गेमच्या निर्मात्यांनी टीकेचा व्हिडिओ असाच उतरवला, ओरड झाल्यावर दावा मागे घ्यावा लागला आणि गेमची ओळख तेवढीच उरली. डिजिटल होमिसाइड या स्टुडिओने तर २०१६ मध्ये एका समीक्षकावर आणि नंतर स्टीमवरच्या १०० जणांवर खटले भरले. व्हॉल्व्हने त्यांचे गेम विक्रीतून काढले.

एकदम शेकडो वाईट रिव्ह्यू आले तर आधी कारण शोधा. २०१९ पासून गेमशी संबंध नसलेली लाट स्टीम गुणांतून वगळू शकतं, तसं कळवा. पण राग तुमच्याच निर्णयावर असेल तर निर्णय तपासा. मे २०२४ मध्ये सोनीच्या ‘हेलडायव्हर्स २’ या गेमच्या पीसी खेळाडूंवर प्लेस्टेशनचं खातं जोडायची सक्ती आली, वाईट रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि सोनीने काही दिवसांतच सक्ती मागे घेतली. तुम्हीही निर्णय बदललात तर ‘काही गैरसमज झाला’ असं लिहू नका. काय बदललं आणि कधीपासून, एवढंच लिहा.

इशारा: तुमचे चाहते समीक्षकावर तुटून पडले तर त्यांना थांबवणं तुमचं काम आहे. डिस्कॉर्डवर तासाभरात लिहा: ‘त्यांच्या पानावर जाऊन कुणी काही बोलू नये. बोलल्याचं दिसलं तर इथून बाहेर.’ चाहते आपल्या बाजूचे आहेत म्हणून गप्प राहिलात तर पुढच्या गेमला समीक्षक मिळणार नाहीत, आणि ज्याच्यावर तुटून पडले त्या माणसाला होणारा त्रास खरा असतो.

## टप्पा ८: नंतरचे महिने

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, काय दुरुस्त झालं ते लिहा. काही झालं नसेल तर तसंही लिहा. प्रत्येक दुरुस्तीपुढे ज्याने बग सांगितला त्याचं टोपणनाव द्या. मोठं अपडेट आलं तर ज्या समीक्षकाने वाईट लिहिलं होतं त्यालाही एक मेल करा, सोबत बदलांची यादी द्या, आणि पुन्हा बघायचा आग्रह करू नका.

गेमवरचं काम थांबवायचं ठरलं तर किमान महिनाभर आधी सांगा. बगची खोली फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवा, गप्पांची खोली मॉडरेटरना हवी असेल तर त्यांच्या नावावर करा, आणि समीक्षकांच्या शीटची एक प्रत पुढच्या गेमच्या फोल्डरमध्ये ठेवा.